धनको, ऋणको आणि यंत्र

कर्ज मागणारा ते फेडील की नाही, हा धनकोचा प्रश्न फार जुना आहे. हैदराबादच्या बेगमबाजारात गुजराती, मारवाडी आणि गोसावी सावकारांच्या पेढ्या होत्या. ऋणकोचे घराणे, त्याची जहागीर, जामीनदाराचा शब्द आणि मागील खाती एवढ्या सामग्रीवर तेथे अंदाज बांधला जाई. आज तो संगणक बांधतो. जुन्या हजारो कर्जांतील ऋणकोंचे वय, उत्पन्न, हप्ते व थकबाकी हे तपशील त्याला पुरविले, की कोणत्या लक्षणांची कर्जे बुडाली हे तो हुडकतो आणि नव्या अर्जदाराकडून कर्ज थकण्याची संभाव्यता आकड्यात सांगतो. या विद्येला यंत्रशिक्षण म्हणतात. बँकांच्या तंत्रज्ञानावर संशोधन करणारी रिझर्व्ह बँकेची संस्था १९९६ पासून याच शहरात आहे.

साधन नवे असले, तरी त्याची मर्यादा या शहराने पूर्वीच पाहिली आहे. विल्यम पामरच्या पेढीने १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलची अनुज्ञा मिळवून निजाम सरकारशी देवघेव वाढविली. तारण मुलखाच्या वसुलाचे, मध्यस्थ चंदुलाल. १८२० मध्ये साठ लाखांचे कर्ज ठरले. कागदोपत्री याहून भक्कम ऋणको कोणता? परंतु व्याजाचे ओझे वसुलावर आणि वसुलाचे रयतेवर पडत गेले. रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण उघड केले. अखेर १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनीकडून दरसाल मिळणाऱ्या सात लाखांच्या पेशकशीवर निजामाने कायमचे पाणी सोडले, तेव्हा ते देणे वारले. पेढीही पुढे बुडाली. ऋणकोची ऐपत सर्वांनी जोखली. धनकोमुळे ती कशी खंगते, हे कोणी जोखले नाही.

दुसरा प्रसंग २०१० चा. हैदराबादेतील एसकेएस मायक्रोफायनान्सचे समभाग ऑगस्टमध्ये बाजारात आले. बचतगटांतील व कर्जगटांतील स्त्रियांची परतफेड त्या काळी जवळजवळ शंभर टक्के दाखविली जाई. त्या आकड्यांवर कोणतेही यंत्र शिकले असते, तरी त्याने ‘धोका नाही’ असेच सांगितले असते. प्रत्यक्षात एकेका घरावर अनेक संस्थांची कर्जे होती आणि एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फिटत होता. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढला, आणि राज्यातील वसुली कोसळली. पुढे मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर एका ऋणकोला दोनांहून अधिक सूक्ष्मवित्त संस्थांनी कर्ज देऊ नये, असा नियम रिझर्व्ह बँकेने केला.

यंत्राचा यात दोष नाही. ते भूतकाळातील वहीच वाचते. पण वहीत न आलेले ते कसे वाचणार? ज्याला कर्ज नाकारले, त्याने ते फेडले असते की नाही, याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. मग कालचा नकार हाच उद्याच्या नकाराचा आधार ठरू लागतो. २०२० मध्ये मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्यांनी ऋणकोच्या फोनमधील नातलगांचे क्रमांक गोळा करून ते वसुलीच्या छळासाठी वापरले. तेलंगण पोलिसांनी अटका केल्या. फोनमधील अशा माहितीस हात लावण्यास रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये मनाई केली.

म्हणून आम्हांस वाटते, की अर्जदाराला गुण देणाऱ्याने दोन गोष्टी बांधून घ्याव्यात: नकाराचे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, आणि आपल्या कर्जाचे ओझे त्याला किती पेलवेल याचा हिशेब आधी स्वतः मांडणे. बेगमबाजारातला सावकार निदान समोर बसलेला असे, ‘का नाही?’ असे त्याला विचारता येई.