उजनीतील जलपर्णी

सोलापूर जिल्ह्याची जीवनदायिनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर दिसणारी जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील तरंगती वनस्पती होय. फिकट जांभळ्या फुलांच्या मोहापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली. वनस्पतिशास्त्रात ती दीर्घकाळ 'आयकॉर्निया क्रॅसिपिस' या नावाने परिचित होती. आता तिचा समावेश 'पाँटेडेरिया' या प्रजातीत केला जातो.

हवेने भरलेल्या फुगीर देठांमुळे ती तरंगते. अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि तिच्या बिया तळच्या गाळात 15 ते 20 वर्षे जिवंत राहतात. त्यामुळे एकदा काढलेली जलपर्णी कायमची गेली, असे मानता येत नाही.

तिचे खाद्य म्हणजे पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेत येते. त्यात शेतांतून वाहून आलेल्या खतांची भर पडते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी असून त्यातील सुमारे 63 टीएमसी मृतसाठा आहे. अवर्षणाच्या वर्षी दुबार उपसा करून सोलापूर शहर ज्या पाण्यावर तहान भागवते, ते हेच.

जलपर्णीचा जाड थर पाण्यात प्रकाश व प्राणवायू जाऊ देत नाही. तळाशी उगवणाऱ्या वनस्पती मरतात, मासे गुदमरतात. चिलापीसारखे काटक मासे तेवढे तग धरतात. भिगवण परिसरात येणारे रोहित पक्षी उथळ पाण्यातील चिखल गाळून अन्न मिळवतात. तो भाग झाकला गेला की त्यांचे चराऊ क्षेत्र आक्रसते. सर्वच पाणवनस्पती मात्र उपद्रवी नव्हेत. काठावरचे पाणकणीस व लव्हाळे पोषकद्रव्ये शोषून घेतात आणि पक्ष्यांना घरट्यांसाठी आडोसा देतात.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात जलपर्णी खाणारे सोंडवाले भुंगेरे परदेशातून आणून तेथील तलावांत सोडले. त्यांचा उपयोग झाला. पण सांडपाण्याने समृद्ध झालेल्या पाण्यात वनस्पतीची वाढ किड्यांच्या भुकेला मागे टाकते. यंत्राने काढणे तुलनेने सोपे असले, तरी काढलेला ढीग काठावरच कुजू दिल्यास शोषलेली पोषकद्रव्ये पुन्हा जलाशयात उतरतात. जलपर्णी जड धातूही शोषत असल्याने तिचे खत शेतात घालण्यापूर्वी त्याची तपासणी आवश्यक ठरते.