मुक्ताई : नाव आणि नावाचा अर्थ

आषाढी वारीला मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी आपल्या जालना जिल्ह्यातून पंढरीला जाते. दर्शनाला आलेल्या बायामाणसांत एखादी तरी मुक्ताबाई असतेच. नाव आपल्या ओळखीचं, पण त्याचा अर्थ लेकीबाळींना सांगायचा राहून जातो.

मुक्ता हा संस्कृत शब्द. त्याचे अर्थ दोन. एक, बंधनातून सुटलेली, मोकळी. दुसरा, मोती. शिंपल्यातून सुटतो म्हणून तो मुक्ता; मुक्ताफळ हा शब्द त्यातलाच.

आता विठ्ठलपंत-रुक्मिणीबाईंच्या चारी लेकरांची नावं ओळीनं घ्या : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. मन संसारातून मागं फिरलं, ज्ञान झालं, सोपान म्हणजे जिना चढला, की पुढं मुक्ती. अवघा परमार्थ चार नावांत आला!

संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना समाजानं दूर लोटलं, त्यांतली ही धाकटी. परंपरेप्रमाणे जन्म शके 1201, म्हणजे इ.स. 1279. शके 1219 मध्ये तापीकाठी ती अंतर्धान पावली. उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात, दार लावून बसलेल्या ज्ञानोबांची तिनं ताटीच्या अभंगांतून समजूत काढली, आणि चांगदेवासारख्या वयोवृद्ध योग्यानं तिला गुरू केलं. म्हणून मुक्ताची मुक्ताई झाली. विठाई, ज्ञानाई, तशी मुक्ताई. आपल्या पंथात आई हे पद वयावर मिळत नाही.

हे आज सांगायचं कारण आहे. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून तिचं नाव नकुसा ठेवणारी घरं याच महाराष्ट्रात होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम घ्यावा लागला. नकुसा म्हणजे नकोशी. ती हाक पोरीनं दिवसातून किती वेळा ऐकायची?

माउलींनो, नाव जन्मभर कानावर पडतं. लेकीचं नाव मुक्ता ठेवाल, तर ते शाळेच्या दाखल्यापुरतं ठेवू नका. तिला शिकू द्या, वारी चालू द्या, आणि थोरला भाऊ चुकला तर त्यालाही चार शब्द सांगू द्या. मुक्ताईनं तेच केलं होतं.

रामकृष्णहरी!