मला न वाचता येणारा रकाना

‘चेरोकी फिनिक्स’चा जुना अंक पडद्यावर उघडला तेव्हा मला ‘दर्पण’ आठवलं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या रकान्यांत असे. चेरोकींचं पत्र त्याहून चार वर्षं आधीचं. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा गावी निघालेलं हे अमेरिकेतल्या मूलनिवासींचं पहिलं वर्तमानपत्र. फरक एवढाच, की ‘दर्पण’चे दोन्ही रकाने मला वाचता येतात, ‘फिनिक्स’चा एकच.

दुसऱ्या रकान्याची लिपी सिक्वोयाची. या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं; तरी त्याने १८२१पर्यंत चेरोकी भाषेची अक्षरमाला एकट्याने बसवली. पत्राचे खिळे बोस्टनमध्ये पाडले गेले. इंग्रजी वाचणाऱ्याला वर्षाची आगाऊ वर्गणी अडीच डॉलर, फक्त चेरोकी वाचणाऱ्याला दोन.

वाचक दोन, तशी कामंही दोन. जॉर्जियाला चेरोकींची जमीन हवी होती. तिथे सोनं सापडलं, आणि १८३०मध्ये मूलनिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. हे लोक रानटी आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद. संपादक इलायस बूडिनो इंग्रजी रकान्यातून उत्तर देई : आमची शेती बघा, शाळा बघा, आमचं संविधान बघा. इतर पत्रं तो मजकूर उचलून छापत. मी ते भारावून वाचत गेलो. श्रीमंत चेरोकी घरांत काळे गुलाम राबत होते, हे या ‘सुधारलेल्या’ चित्राशी जोडून पाहायला मला फार उशीर लागला. मला वाचता येणारा रकाना परक्यांना पटवण्यासाठी लिहिलेला होता, आणि मीही त्या परक्यांतलाच होतो.

खरा पेच १८३२चा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेरोकींच्या बाजूने लागला, पण तो अमलात आला नाही. आता इथे टिकणं अशक्य आहे, स्थलांतराची चर्चा लोकांसमोर उघड व्हावी, असं बूडिनोला वाटू लागलं. प्रमुख जॉन रॉस यांना पत्रात एकीच दिसायला हवी होती. पत्र राष्ट्राच्या पैशावर चाले. बूडिनोने राजीनामा दिला आणि रॉस यांचे मेव्हणे एलायजा हिक्स संपादक झाले.

१८३४मध्ये पत्र बंद पडलं. पुढच्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना जप्त केला. त्याच डिसेंबरात बूडिनोने, बहुसंख्य चेरोकींचा विरोध असताना, जमीन सोडण्याच्या तहावर सही केली. १८३८-३९च्या सक्तीच्या वाटचालीत हजारो माणसं मेली. जून १८३९मध्ये चेरोकींनीच त्याला ठार केलं.

त्या सहीचं समर्थन मला करता येत नाही. पण जी चर्चा छापून यायला हवी होती ती छापली गेली नाही, आणि निर्णय मूठभरांनी बंद खोलीत घेतला, हेही खरं. आदिवासींचं पत्र आदिवासींनी काढलं की त्यांचा आवाज आपोआप उमटतो, असं मी समजत होतो. आता असं पत्र हाती आलं की मी आधी बघतो : पैसा कुणाचा, आणि संपादकाला कोण काढू शकतं?

चेरोकींनी हे स्वतःच ओळखलं. पुन्हा सुरू झालेल्या त्यांच्या पत्राला राजकीय दबावापासून संरक्षण देणारा कायदा त्यांच्याच परिषदेने केला. साल होतं २०००. बूडिनोच्या राजीनाम्याला तेव्हा १६८ वर्षं झाली होती.