हवामान कायदा, स्वित्झर्लंड (२०२३)
देशाचे निव्वळ हरितगृहवायू-उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणण्याचे बंधन घालणारा स्विस कायदा. १८ जून २०२३ च्या सार्वमतात ५९.१% मतदारांनी त्याला कौल दिला. स्वित्झर्लंडमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या, की तो लोकांपुढे न्यावा लागतो. त्यामुळे तेथे तडजोड आधीच करावी लागते. तिचा धडा २०२१ मध्ये मिळाला होता. पेट्रोलवर लिटरमागे १२ रापेनपर्यंत (रापेन म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) वाढू शकणारा भार आणि विमान तिकिटावर ३० ते १२० फ्रँक आकार सुचवणारा कायदा १३ जून २०२१ रोजी ५१.६% मतांनी फेटाळला गेला. पंपावरचा भाव दिसतो, वितळणारी हिमनदी रोज दिसत नाही.

पुढचा मसुदा, म्हणजेच २०२३ चा कायदा, ‘हिमनदी उपक्रम’ या नागरिकांच्या प्रस्तावाला पर्याय म्हणून आला. २०५० नंतर खनिज इंधनांवर बंदीची उपक्रमातील मागणी वगळली गेली. नवे कर टाळले गेले. उलट घरातली तेल, वायू वा जुनी विजेची हीटर-यंत्रणा बदलणाऱ्यांसाठी दहा वर्षांत २ अब्ज फ्रँक, उद्योगांतील नव्या तंत्रांसाठी १.२ अब्ज फ्रँक ठेवले. उपक्रमकर्त्यांनी हे मान्य केले. स्विस पीपल्स पार्टीने मात्र सह्या गोळा करून सार्वमत घडवलेच. अनुदान सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर करदात्याच्याच खिशातून जाते. पण ते पंपावर मोजावे लागत नाही.