नेरळकर, नाथराव
(१९३५–२८ मार्च २०२१). मराठवाड्यातील शास्त्रीय गायक व संगीतगुरू. जन्म नांदेड येथे, त्या वेळच्या निजामी हैदराबाद संस्थानात. गाण्याची तालीम अण्णासाहेब गुंजकर यांच्याकडे. पुढे औरंगाबादच्या सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे अध्यापन. ख्यालगायन हा पाया. पण नाट्यपद, अभंग, भावगीत यांनाही त्यांनी कधी दुय्यम मानले नाही. मुंबई-पुण्याच्या मैफलींपासून दूर राहून मराठवाड्यात शास्त्रीय संगीत रुजवणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे, आणि ते मैफलींइतकेच शिष्यांमुळे. संगीत नाटक अकादमीने २०१४ च्या पुरस्काराने त्यांचा गौरव केला. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर आलेला हा सन्मान उशिराचाच म्हणावा लागेल. औरंगाबाद येथे निधन.