भिंतीतला जोड

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. घरोघरी वीज पोचली ती सावकाश. तेव्हा तारा भिंतीवरच्या लाकडी पट्टीतून धावत. रूप ओबडधोबड खरे, पण झाकण काढले की जोड हाती लागे! पुढे नळ्या भिंतीत गेल्या, वर गिलावा झाला, जोड गडप झाले. संत तुकाराम नगरातले जुने घर असो की पुण्यातला वाडा, वायरिंग बदलताना गाठ पडते ती ह्यांच्याशीच. ६० वॅटच्या दिव्याजागी २००० वॅटचा गिझर आला, की प्रवाह तेहतीसपट आणि त्याच सैल जोडावरची उष्णता हजारपटीहून अधिक. फ्यूज मात्र स्वस्थ! तेव्हा वायरमनला बजावावे: तार अखंड ओढा, जोड अटळच असेल, तर उघडता येणाऱ्या पेटीत, कनेक्टरने आवळून.