दोन हातांचें चित्र

म्युनिच येथील आल्टे पिनाकोटेक या संग्रहालयांत इ. स. १६१६ ते १६१८ च्या सुमाराचीं मानलेलीं दोन तैलचित्रें आहेत. एकांत सात गुटगुटीत बालकें फळांचा अवजड हार वाहून नेत आहेत. दुसऱ्यांत मेरी व बाल येशू यांच्या तसबिरीस फुलांच्या माळेनें वेढिलें असून त्या माळेभोंवतीं सपक्ष बालदूतांचा मेळा जमला आहे. पहिलें समृद्धीचें रूपक व दुसरें भक्तीचें, असा अर्थ सामान्यतः लावितात. तो आम्हांस ग्राह्य वाटतो. वादाचा मुद्दा कर्तृत्वाचा आहे.

दोन्ही चित्रें पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) याचीं म्हणून सांगण्याचा परिपाठ आहे. पण त्याच्या हातचीं तीं मुलें. फळें फ्रान्स स्नायडर्स (१५७९–१६५७) याचीं, आणि फुलें थोरल्या यान ब्रूगेलचीं. हे तिघेही अँटवर्पचे, आणि आपापल्या कामांत उस्ताद. तेव्हां स्नायडर्स व ब्रूगेल यांस रूबेन्सचे हाताखालचे कारागीर समजणें सर्वथा चूक होय.

याविषयीं रूबेन्सचाच लेखी पुरावा उपलब्ध आहे. हेग येथील इंग्रज वकील सर डड्ली कार्लटन याच्याजवळील प्राचीन संगमरवरी मूर्तींच्या मोबदल्यांत चित्रें देऊं करितांना, ता. २८ एप्रिल १६१८ च्या पत्रासोबत त्यानें एक यादी धाडिली. कोणतें चित्र स्वहस्तें काढिलें, कोणतें शिष्यानें आरंभिलें, हें तींत नमूद आहे. प्रॉमीथ्यूसच्या चित्रापुढें तर गरुड स्नायडर्सचा असल्याचें स्पष्ट लिहून किंमत ५०० गिल्डर लाविली आहे. विकणाराच आपण होऊन हें सांगतो, यावरून त्यांत कोणास कमीपणा वाटत नसे हें उघड आहे. हें पत्र म्युनिचच्या चित्रांविषयीं नाहीं, हें खरें. परंतु प्रघात कोणता होता तें त्यावरून निर्विवाद ठरतें. आमच्याकडील जुन्या पत्रांत मजकूर कारकुनाचा व अखेरची ओळ धन्याच्या हातची असते. तेथें हस्ताक्षरें निरनिराळीं ओळखणारा अभ्यासक चित्रापुढें उभा राहतांच एका नांवावर संतुष्ट कां व्हावा?

ब्रूगेलचें काम किती चिकाटीचें होतें, तेंही पत्रांवरूनच कळतें. अँटवर्पमध्यें न मिळणारीं फुलें प्रत्यक्ष पाहून रंगविण्यासाठीं आपण ब्रुसेल्सला गेल्याचें त्यानें १६०६ मध्यें मिलानच्या कार्डिनल फेदेरीको बोर्रोमेओ यास कळविलें होतें.